आठवा रकाना

दारी आलं गं ऊन, त्याला सांगावं हळू बोल
माझ्या पाखराच्या डोळां, झोप उतरली खोल

या दोन ओळी रकानेसाहेबांच्या कानात पंचावन्न वर्षं मुक्कामाला होत्या. ते तेव्हा साहेब नव्हते. सहा वर्षांचे होते आणि गोवराने अंगभर फुलले होते. उजेड सोसवत नव्हता म्हणून खिडक्या लावलेल्या, डोळ्यांवर ओल्या फडक्याची घडी. आई दवाखान्यात परिचारिका, ती दुसऱ्यांच्या मुलांच्या उशाशी. वडील छापखान्यात. आणि त्या बंद खोलीत, भर दुपारी, कपाळावर एक हात आणि कानाशी एक आवाज. माठाच्या अंगाला पाझरावं तसं गाणं हळूहळू झिरपायचं आणि ताप पायउतार व्हायचा. पाचव्या दिवशी फडकं निघालं तेव्हा समोर दोन वेण्यांची, अकरा वर्षांची ताई बसली होती. तूच गात होतीस का, असं त्यांनी विचारलं, आणि ताई हो म्हणाली.

त्यानंतर ताई कधी गायली नाही. का, ते कोणी विचारलं नाही. मोठ्या कलावंतांचं असंच असतं, अशी रकानेसाहेबांनी स्वतःची समजूत घातली आणि ती पुढे साऱ्या गोतावळ्यात पसरवली. ताईच्या गळ्याची कीर्ती त्यांनी इतकी वाढवून ठेवली होती, की तिच्या सासरची माणसंही तिच्यासमोर गुणगुणायला बिचकत.

रकानेसाहेबांचं खरं नाव आता त्यांच्या पेन्शनच्या कागदांखेरीज कुठे उरलेलं नाही. जन्मनोंदणीच्या कचेरीत तेहतीस वर्षं एका खिडकीमागे बसून त्यांनी एकच धर्म पाळला: अर्जातला एकही रकाना मोकळा दिसला की अर्ज परत. मधलं नाव नसेल तर "नाही" असं लिहा, पण जागा कोरी सोडू नका. एकदा खुद्द वरिष्ठांचा अर्ज त्यांनी तीन वेळा परत केला होता. तेव्हापासून ते रकानेसाहेब.

तर या रकानेसाहेबांना गेल्या महिन्यात कानाच्या डॉक्टरांनी एक बातमी दिली. उजवा कान निम्मा गेला आहे, डावा त्याच वाटेवर आहे. घाबरू नका, एकदम नाही जायचं. बारीक आवाज आधी जातात, जाडे शेवटपर्यंत राहतात. म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, पाखरं, लहान मुलं, बायका हे आधी जातील. मोटारी, पुरुष, ढग हे मागाहून. सोबत आलेल्या त्यांच्या बायकोने खाली मान घालून सांगितलं, की बायकांचा आवाज ऐकू येणं यांचं वीस वर्षांपूर्वीच बंद झालं आहे. डॉक्टर हसले. रकानेसाहेब हसले नाहीत. त्यांच्या मनात फक्त ताई आली. तो आवाज जायच्या आत एकदा परत ऐकायचा, आणि जमल्यास कायमचा धरून ठेवायचा.

कानाचं मात्र कोणाला सांगायचं नाही, अशी बायकोला ताकीद. भावाबहिणींपुढे आपण अजून धडधाकट आहोत, याचा त्यांना कोण अभिमान. विचारलंच कोणी तर म्हणायचं, निवृत्तीनंतरचा छंद.

दुकानात ते एक लहानसा रेकॉर्डर आणायला गेले होते. पण काउंटरवरच्या पोरसवदा विक्रेत्याने विचारलं, "काका, किती चॅनल?" आणि हा प्रश्न आपल्याला कळला नाही हे एका पोराला कळू द्यायचं नसल्यामुळे त्यांनी उलट विचारलं, की जास्तीत जास्त किती असतात. तो म्हणाला, घरच्यासाठी आठ. मग आठ, असं म्हणून ते मोकळे झाले. त्या दिवशी घरात जे आलं त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. काळी, विटेएवढ्या वजनाची पत्र्याची पेटी; दर्शनी भागावर आठ गोल भोकं, आठ खुंट्या, आणि एक लाल बटण.

बायकोने विचारलं, यात बोलायचं कुठून. रकानेसाहेबांनी पुस्तिका वाचली आणि त्यांना पहिला धक्का बसला. ही पेटी स्वतः काही ऐकत नाही. हिला माइक लागतात, माइकला वायरी लागतात, आणि सगळ्यांचे वेगवेगळे आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर लिहून ठेवायला संगणक लागतो. म्हणजे ही नुसती मधली बाई. इकडचं तिकडे करणारी. "म्हणजे तुमच्या कचेरीतली खिडकीच की," असं बायको म्हणाली आणि आत निघून गेली.

दुकानातून दोन माइक आले. रीतसर पाहता काम इथे संपायला हवं होतं; एका बाईला गायला एक माइक पुरतो. पण दोन भोकं भरली आणि सहा मोकळी राहिली. रकानेसाहेब जेवताना त्यांच्याकडे बघायचे, पेपर वाचताना बघायचे. वरच्या मजल्यावरच्या वायरमनने समजावलं, की साहेब, मोकळी राहिली तर बिघडत नाही. असं बोलणारे लोक रकानेसाहेबांनी तेहतीस वर्षं खिडकीतून परत पाठवले होते.

मग इमारतीत मागामाग सुरू झाली. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचा घरगुती गाण्यांचा गुलाबी माइक दिला. लिलाववाल्याने त्याचा दिला. त्याला इतक्या वर्षांच्या "एक वार, दोन वार"ची थुंकी होती. व्यायामशाळेच्या बाईंनी कानाला लावायचा दिला. वायरमनने कुठून दोन आणले ते त्याने सांगितलं नाही, आणि विचारू नका म्हणाला. असे सात झाले. आठवा दादाकडे होता.

दादा म्हणजे रकानेसाहेबांचे थोरले बंधू. शाळेत कवायत मास्तर होते. लग्न केलं नाही. धाकट्याच्या घराच्या मागच्या खोलीत एक खाट, एक शिट्टी आणि एक खुर्ची एवढ्या संसारात राहात. चाळीस वर्षं मैदानावर "सावधान" आणि "विश्राम" ओरडून त्यांचा आवाज खडीसारखा झाला होता, आणि बहुधा सगळा खर्च झाल्यामुळे घरात ते बोलतच नसत. शाळेने निरोपाच्या वेळी मैदानावरचा जुना माइक भेट दिला होता, तो खाटेखाली. धाकट्याने मागितला तेव्हा दादांनी विचारलं, कशासाठी. ताईचं गाणं लिहून ठेवायचं आहे, कोणतं ते तुला माहीत नसेल, गोवर आला होता तेव्हाचं, तू तर दिवसभर उंडारत होतास, असं रकानेसाहेबांनी सांगितलं. दादांनी बराच वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. मग माइक दिला आणि म्हणाले, "तिला त्रास देऊ नको."

आता परवानगी. इमारतीच्या नियमावलीत लिहिलं होतं, की ध्वनियंत्रणा लावण्यापूर्वी समितीचा ना-हरकत दाखला घ्यावा. समितीचे सचिव म्हणजे तेच गृहस्थ, ज्यांच्या मुलीच्या जन्माचा अर्ज रकानेसाहेबांनी कोणे एके काळी चार वेळा परत केला होता. ती मुलगी चौथ्या खेपेपर्यंत चालायला लागली होती. सचिवांनी अर्ज हातात घेतला, चष्मा पुसला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे सुख उमटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. "यात 'प्रयोजन' हा रकाना कोरा आहे," ते म्हणाले. "परत."

रकानेसाहेब जिन्यात बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा अर्ज परत आला होता. तो रकाना त्यांनी मुद्दाम कोरा सोडला होता. तिथे कान लिहायचे नव्हते, आणि खोटं लिहिण्याची सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, "छंद." हे प्रयोजन होत नाही, परत. तिसऱ्या दिवशी "कला." मोघम, परत. चौथ्या दिवशी त्यांनी लिहिलं, "बहिणीचा आवाज." सचिवांनी ते दोनदा वाचलं. मग शिक्का मारला, आणि वर सांगितलं की गाण्याच्या वेळी एक तासभर लिफ्ट आपण स्वतः बंद ठेवू, तिचा खडखड नको.

इकडे घराचं घरपण गेलं होतं. भिंतीवरून आवाज उलटू नये म्हणून वायरमनच्या सल्ल्याने गाद्या उभ्या केल्या, रजया दारांवर टांगल्या. माणसं तीन दिवस सतरंजीवर झोपली. घड्याळ काढलं, कारण ते टिकटिकतं. फ्रिज बंद केला, कारण तो घोरतो. रकानेसाहेबांनी बायकोकडे पाहिलं, तेव्हा ती म्हणाली, मी घोरते ते फक्त झोपेत. लाल बटणाने माइकमध्ये अठ्ठेचाळीस व्होल्ट जातात असं पुस्तिकेत वाचल्यापासून ती रबरी सपाता घालूनच त्या खोलीत पाऊल टाकायची. आणि पहिल्या चाचणीत, स्पीकर आणि माइक समोरासमोर राहिल्यामुळे, पेटीने अशी काही किंकाळी फोडली, की समोरच्या इमारतीतली माणसं गॅलऱ्यांत आली, दोन मोटारी आपोआप बोंबलू लागल्या, आणि डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीवरच्या माणसाने तोंड इतकं मिटलं की त्याचा दात काढणं पुढे ढकलावं लागलं. रकानेसाहेब मात्र शांतपणे खुंट्या फिरवत होते. इतका बारीक आवाज त्यांना आताच नीटसा ऐकू येत नव्हता. हे लक्षात आल्यावर बायकोने धावत जाऊन बटण बंद केलं, आणि नंतर बराच वेळ ती स्वयंपाकघरात भांडी उगाच इकडची तिकडे लावत राहिली.

फक्त ताई येईना. पहिल्या खेपेला तिचा घसा बसला. दुसऱ्या खेपेला दाढ. तिसऱ्या खेपेला म्हणे सासरच्या कोणाचं तरी काहीतरी होतं. कोणाचं आणि काय, ते तिला फोनवर आठवेना. रकानेसाहेब कौतुकाने सांगत, की बघा, केवढा विनय. शेवटी त्यांनी स्वतः जाऊन तिला आणलं. सहासष्ट वर्षांची ताई गळ्याभोवती शाल गुंडाळून गाद्यांच्या त्या गुहेत शिरली आणि आठ वायरी बघून तिने दाराची चौकट धरली. तिने फक्त एवढंच विचारलं, की दादा कुठे आहे.

दादा मागच्या खोलीत होते. खोकायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही, असं त्यांना बजावलं होतं. माइकांची वाटणी वायरींच्या लांबीने झाली. एक ताईच्या तोंडापुढे, दुसरा पाठीशी, तिसरा आणि चौथा दोन्ही कोपऱ्यांत. खोली संपली तरी माइक उरले. म्हणून पाचवा स्वयंपाकघरात, सहावा खिडकीत, सातवा बोळात. आठव्याची वायर सगळ्यांत लांब, ती दाराखालून थेट दादांच्या खोलीत गेली. माझ्याकडे कशाला, असं दादा म्हणाले. रकाना मोकळा राहतो, असं धाकट्याने सांगितलं आणि दार लावून घेतलं.

लिफ्ट थांबली. पंखे थांबले. जिन्यात सचिव ओठांवर बोट ठेवून उभे राहिले. वायरमनने संगणकावर आठ पट्ट्या सुरू केल्या, तेवढ्यात ताई पाणी पिऊन येते म्हणून बोळात जाऊन आली. रकानेसाहेबांनी हेडफोन चढवला, डावा कान पुढे केला आणि डोळे मिटले. फडकं तेवढं नव्हतं.

ताई गायली.

जे झालं त्याला गाणं म्हणणं हा सौजन्याचा प्रकार होईल. पहिली ओळ वर जायला निघाली आणि जिन्यात पाय मुरगळावा तशी बसली. "ऊन" एका सुरात उगवलं, भलत्याच सुरात मावळलं. "पाखराच्या" या शब्दाला तर ते पाखरू उडूनच गेलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात, गाणं ऐकायला आलेल्या डॉक्टरीणबाईंशेजारी, पदराचं टोक तोंडात धरून उभी होती. वायरमन, जो लोकांच्या घरचे जळके फ्यूज न डगमगता बघायचा, तो छताकडे बघत होता. ताई डोळे गच्च मिटून, घामाने निथळत, दोन्ही ओळी चार वेळा म्हणाली आणि थांबली.

रकानेसाहेबांनी हेडफोन काढला. त्यांचा चेहरा असा उतरला होता, की ताईनेही मान खाली घातली. त्यांच्या मनात तिच्याबद्दल शंका आलीच नाही. त्यांना वाटलं, कान गेले. डॉक्टर म्हणाले होते हळूहळू, पण गेले. आवाज तोच असणार, गोडच असणार. आपल्याच डोक्यातली वाट वाकडी झाली आहे. इतका खटाटोप केला आणि चार दिवस उशीर झाला. त्यांनी खुंट्या एकेक करून शून्यावर आणायला सुरुवात केली, नेटाने, जशी ते कचेरीची खिडकी पाच वाजता ओढून घ्यायचे.

बायकोने ते पाहिलं आणि वायरमनला हळूच विचारलं, की सगळे आवाज एकदम ऐकण्याऐवजी सुटे ऐकता येत नाहीत का, कदाचित एखादा बरा असेल. वायरमनला हायसं वाटलं. त्याने स्पीकर लावले आणि एकेक पट्टी सोडायला घेतली.

पहिल्या चार पट्ट्यांवर ताईच होती, चार बाजूंनी. पाचवीवर स्वयंपाकघरात डॉक्टरीणबाई बायकोला विचारत होत्या, की अहो, हे आधी असंच होतं का. आणि बायको म्हणत होती, की आमच्याकडे पंचावन्न वर्षं याची आरती चालली आहे, आता मी कोणत्या तोंडाने बोलू. बायको वायरमनकडे अशी बघू लागली, की त्याने घाईने सहावी लावली. तिच्यावर खिडकीखाली कोणीतरी कोणालातरी विचारत होतं, की दवाखान्यात फोन करायचा का. सातवीवर, बोळात, गाणं सुरू होण्याआधीची ताई होती, एकटीच कुजबुजत: "सांगून टाकू का गं बाई. सांगूनच टाकते. पण मग त्याला काय वाटेल."

"काय सांगायचं होतं?" रकानेसाहेबांनी विचारलं. ताईने शाल आणखी घट्ट केली.

वायरमनच्या बोटाने तोवर आठवी पट्टी सोडली होती.

आधी काहीच नाही. खुर्चीची एक कुरकुर. कोणीतरी माइकवर पंचा टाकल्याची सळसळ. मग लांबून, बंद दाराबाहेरून, ताईचं ते फरफटणारं "दारी आलं गं ऊन". आणि त्याच्याखालून, जवळून, अगदी माइकला खेटून, दुसरा एक आवाज. जाडा, खडबडीत, वयाने गंजलेला. ताईची ओळ घसरली की तो तिला हात देत होता, तिला सुराच्या पायरीवर परत उभी करत होता. दुसऱ्या फेरीला त्याने तिची वाट पाहणं सोडलं आणि एकटाच पुढे गेला, तिसऱ्या फेरीला तर या घरात कोणालाच ठाऊक नसलेल्या दोन ओळींवर:

दारी आला गं वारा, त्याला सांगावं मागं सर
पाखराच्या अंगच्या तापा, माझ्या हातावर उतर

रकानेसाहेबांचा हात आपसूक कपाळाकडे गेला. आवाज निराळा होता. पंचावन्न वर्षं आणि चाळीस वर्षांचं मैदान त्याच्यावरून गेलं होतं. पण "उतर"वर तो ज्या तऱ्हेने खाली वाकला, तसा जगात एकच आवाज वाकत होता.

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. दादा तिथे सावधान उभे होते, हातात पंचा. कोणाच्या तरी वर्गात चोरून खाताना सापडलेल्या मुलासारखे.

"मी नव्हते रे, धाकट्या," ताई म्हणाली. तिचा आवाज आता अगदी सुरात होता. "मी नुसती फडकी भिजवून द्यायचे. हा गायचा. चौदा वर्षांचं घोडं, बाहेर कळलं तर पोरं हसतील म्हणून मला शपथ घातली. तू फडकं काढलंस आणि मला विचारलंस, मी घाबरून हो म्हटलं. एका हो-पायी मी जन्मभर घशाला फडकी बांधत आले."

"पण नंतर?" रकानेसाहेब दादांकडे वळले. "नंतर तर सांगायचंस. मोठे झालो आपण. म्हातारे झालो."

दादांनी पंच्याची घडी घातली. ती मोडली. पुन्हा घातली.

"तू सगळीकडे इतक्या कौतुकाने हिचं सांगायचास," ते म्हणाले. "सासरी हिचा मान त्याच्यावर होता. मी मधे कशाला बोलू? आणि मला काय, तुझा ताप उतरला होता."

वायरमन उठला आणि काही काम नसताना वायरी गोळा करत जिन्यात गेला. जिन्यात सचिव भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होते. लिफ्ट सुरू करायची ते विसरले होते.

दादांना बहुतेक हा सगळा प्रकार जरा जास्तच सैल वाटला. त्यांनी खांदे मागे घेतले आणि मैदानावरच्या आवाजात सांगितलं, की झालं ते झालं, ते पुसून टाक, लोकांना ऐकवत बसू नको, आणि पुन्हा म्हणायला सांगशील तर मी म्हणणार नाही.

रकानेसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. तिने मान डोलावली. महिनाभर त्यांनी एक रकाना कोरा ठेवला होता, सचिवांपुढे, ताईपुढे, दादांपुढे. ते उठले, दादांच्या अगदी जवळ गेले आणि डावा कान त्यांच्याकडे केला.

"म्हणावं लागेल, दादा," ते म्हणाले. "माझे कान चाललेत. बारीक आवाज आधी जाणार आहेत. जाडा शेवटपर्यंत राहतो. सगळ्यांचं ऐकू येणं बंद होईल ना, त्याच्यानंतरही मला तुझं येत राहणार आहे."